बुडीत खात्यातली कला

आमच्या घरात वस्तू मरत नाही, तिची बदली होते. मी बँकेतला माणूस, तेव्हा निदान बदली या विषयात तरी माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नसावी. आजीचे लुगडे विटले की ते गोधडीच्या पोटात जायचे. गोधडी विरली की तिचा बरा भाग पाळण्यात आणि वाईट भाग इस्त्रीच्या टेबलावर. तिथे जळून भोक पडले की शेवटचे पोस्टिंग सायकलच्या चेनपाशी, आणि तिथून मात्र सेवानिवृत्ती. श्रीखंडाचा डबा एकदा घरात शिरला की पुन्हा श्रीखंडाचे तोंड बघत नाही. तो आधी हिंगाचा होतो, मग टाचण्यांचा होतो, गणपतीत अष्टगंधाचा होतो आणि बुडाला चीर गेली की त्यात मनी प्लँट लागतो. यातूनही जे उरेल ते बोहारणीकडे. चार साड्या आणि दोन पाटलोणी घेऊन बोहारीण जे पातेले पुढे करायची, त्यावर माझी आई तासभर घासाघीस करायची. परदेशात चित्रांचे लिलाव होतात म्हणे. तिथे याहून जास्त ताण असेल असे मला वाटत नाही.

सांगायचा मुद्दा, ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. त्याला आजवर कुणी हार घातला नव्हता इतकेच. तो आता घालायचे ठरले आणि आमच्या भागातल्या वाचनालयाच्या कलादालनात टाकाऊ वस्तूंच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले. मी ते दोनदा पाहिले. पहिल्यांदा रविवारी, सहकुटुंब, म्हणजे पाहिले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्यांदा मंगळवारी, बँकेतून परस्पर, एकट्याने. पुढे जे मत मांडले आहे ते मंगळवारचे आहे.

कलादालन हा शब्द मोठा आहे, खोली लहान आहे. वाचनालयाच्या माडीवर पूर्वी जुन्या मासिकांचे बांधीव खंड आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. ते रद्दीत देऊन आलेल्या पैशांत चार ट्यूबलाइट आणि भिंतींना चुना एवढे झाले, आणि खोलीचे दालन झाले. म्हणजे त्या दालनातली टाकाऊतून टिकाऊ झालेली पहिली वस्तू ते दालनच. त्या खंडांत काय काय गेले याचा विचार मी हल्ली करत नाही. मात्र अशा जागा मला आवडतात. मोठ्या गॅलरीत शिरले की आपण उगाच हळू बोलायला लागतो, दवाखान्यात बोलतो तसे. इथे तसे नाही. इथे चित्राशेजारी चित्रकार उभा असतो, त्याच्या शेजारी त्याची मावशी, आणि मावशी आपल्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. भागातल्या कुणीही नाव नोंदवावे आणि आपले काम मांडावे. निवड समिती नाही. निवड समिती नसल्याचे परिणाम अर्थात दिसतातच.

उदाहरणार्थ, घुबडे. मी मोजली, सात भरली. जुन्या सीडींचे घुबड, बाटल्यांच्या बुचांचे घुबड, बटणांचे घुबड, करवंटीचे घुबड. टाकाऊ वस्तू आणि हा पक्षी यांचे असे काय गोत्र जुळते याचे मला बराच वेळ कोडे होते. मग उलगडा झाला. जगातल्या कुठल्याही दोन गोल वस्तू शेजारीशेजारी चिकटवल्या की घुबडच होते, दुसरे काही होऊच शकत नाही. कलावंताची इच्छा असो वा नसो. मला संशय आहे, त्यातली दोन घुबडे मुळात गाय म्हणून सुरू झाली असावीत.

घुबडांनंतर मान बाटलीचा. बाटलीला आधी सुतळी, सुतळीवर मणी, मण्यांवर सोनेरी रंग, आणि एवढे करून वर एक मोरपीस. टायरचा राजहंस होता. त्याला पांढरा ऑइलपेंट इतका जाड दिला होता की तो टायरचा आहे हे खाली चिठ्ठी वाचल्यावरच कळत होते. संगणकाच्या कीबोर्डाच्या कळांचा गणपती होता. तो बरा होता, कारण त्याच्या सोंडेच्या टोकाला ‘एस्केप’ ही कळ आली होती. ही योजना होती की योगायोग, हे मी विचारले नाही. विचारले असते तर ती योजना झाली असती.

आता चमच्यांचे सांगतो. दालनात शिरताच समोर छताला एक झुंबर टांगले होते. प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यांचे, पाकळ्यांवर पाकळ्या, आत बल्ब. दिसायला फार देखणे. रविवारी सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले, आमच्या घरच्यांनीही काढले. मंगळवारी गर्दी नव्हती, म्हणून मी करणाऱ्या बाईंना विचारले, ‘‘इतके चमचे जमवायला वर्ष तरी लागलं असेल, नाही? लग्नकार्यातून आणलेत का?’’

‘‘छे हो! ते कसले धुवायचे! होलसेलवाल्याकडून आणले. तीन पाकिटं लागली.’’

‘‘नवे?’’

‘‘नवेच. वापरलेले इतके पांढरे नसतात.’’

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. कलेतले मला कळत नाही असे कुणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही, पण जमाखर्चातले कळते. जे अजून कुणी खाल्ले नाही, ज्याने शिरा की आइस्क्रीम उचललेले नाही, ते टाकाऊ कसे? तीन पाकिटे चांगले चमचे आयुष्यात एकदाही तोंडाला न लागता थेट कचऱ्याच्या सदरात जमा झाले, तेही कचरा वाचवण्याच्या नावाखाली. आमच्याकडे एखाद्या शाखेने चालू खाते बुडीत दाखवून मग त्याची वसुली केल्याबद्दल पाठ थोपटून घेतली, तर चौकशी लागेल. कलेत ती लागत नाही. झुंबराला पहिले बक्षीस मिळाले.

बाटलीचा आणि टायरचा दोष वेगळा. ती मंडळी प्रामाणिक होती, वस्तू खरोखरच टाकलेल्या होत्या. पण त्यांना त्या वस्तूंची लाज वाटत होती. बाटली बाटली दिसता कामा नये, टायर टायर दिसता कामा नये, पाहुणे यायच्या आत सगळे रंगवून घ्या. माझे मत नेमके उलट आहे आणि त्याला मी मोठा साक्षीदार काढतो. पिकासोने 1942 साली सायकलची एक सीट घेतली, वर सायकलचेच हँडल बसवले आणि बैलाचे डोके केले. बस, दोनच वस्तू. त्याचे छायाचित्र पाहिले की पहिल्यांदा बैल दिसतो. मग सीट दिसते. मग आपण ‘अरे!’ म्हणतो आणि पुन्हा बैल दिसतो. हे असे डोळ्यांत मागेपुढे होत राहते, आणि मजा सगळी त्या मागेपुढे होण्यात आहे. त्या सीटला आपल्या राजहंसासारखा ऑइलपेंट फासला असता तर नुसता एक बैल उरला असता, आणि नुसत्या बैलाला पिकासो कशाला पाहिजे? (आमच्या स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवरून एकदा माझ्या सायकलची सीट गेली. हँडल मात्र ठेवले होते. चोराला कलेची जाण नव्हती.)

त्या दालनात ही गोष्ट कळलेला एकच माणूस होता, आणि त्याची मांडणी जिन्याच्या तोंडाशी, चपला ठेवतात तिथे होती. एका फळीवर गिरणीतल्या जुन्या लाकडी बॉबिनी, चाळीसेक, उभ्या केलेल्या. समोर ॲल्युमिनियमच्या डब्याचे झाकण उभे करून ठोकलेले. दुसरे काही नाही. रंग नाही, डोळे नाहीत, गोंदसुद्धा नाही, खालून खिळे मारलेले. खाली चिठ्ठीवर एकच शब्द, ‘गेट’. तो वाचला आणि त्या बॉबिनींची एकदम माणसे झाली. झाकणाकडे तोंड करून गर्दी उभी. काही पुढच्याला रेटताहेत, दोन-तीन बाजूला वळून बोलताहेत, एक मागे राहिलेला. मी वाकून बघायला लागलो. कुणीतरी माझ्या पायावर चप्पल काढली.

शेजारी स्टुलावर पासष्टीचे एक गृहस्थ बसले होते. म्हटले, ‘‘काका, यांना तोंडं का नाही काढलीत?’’

‘‘तोंडं आहेत की,’’ ते म्हणाले. ‘‘घासलीत.’’

खरेच होते. वर्षानुवर्षे सूत गुंडाळून आणि उलगडून प्रत्येक बॉबिन वेगळ्या ठिकाणी झिजली होती. एकीला कमरेपाशी खोबण, एकीचा माथा तासल्यासारखा. चाळिसातल्या दोन सारख्या नव्हत्या. काका त्रासन खात्यात होते. ‘‘मी बदलीतला,’’ त्यांनी सांगितले. बँकेत या शब्दाचा अर्थ सामान बांधणे असा होतो. गिरणीत त्याचा अर्थ असा, की पाळीच्या आधी रोज गेटवर जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी. वीस वर्षांच्या वयात असे गेटवर उभे राहात असतानाच 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढचे इथे सांगण्याची गरज नाही. गिरणगावात आज ज्या इमारतींकडे मान मागे टाकून बघावे लागते, त्या बघितल्या की समजते.

‘‘या तुमच्या गिरणीतल्या?’’ मी बॉबिनींकडे बोट केले.

‘‘कुणास ठाऊक. चोरबाजारात किलोवर घेतल्या. आमच्याच असतील असं समजायला काय पैसे पडतात?’’

मी त्यांना तोंडावर काही म्हणालो नाही. तोंडावर चांगले म्हणण्याची सवय बँकेत लागत नाही. इथे लिहितो. ती मांडणी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या गॅलरीत ठेवली असती तर तिथल्या पुष्कळ महागड्या मालाच्या बाजूने लोक सरळ चालत येऊन तिच्यासमोर थांबले असते. चमच्यांच्या झुंबरात चमचा बदलून काटा घातला असता तरी चालले असते. या फळीवर बॉबिनींच्या जागी बुद्धिबळातली प्यादी ठेवून पाहा. चालत नाही. वस्तू कुठून आली हे ज्या कामातून काढून टाकता येत नाही ते खरे, एवढीच माझी कसोटी आहे, आणि ती मी त्या जिन्यात ठरवलेली नाही. ती मी चंडीगडहून आणली.

चंडीगडला आम्ही एलएफसी घेऊन गेलो होतो. बँकेने प्रवासखर्च दिला की माणूस जितक्या लांब जाता येईल तितक्या लांब जातो, त्या हिशेबाने. तिथे सुखना तळ्याजवळ रॉक गार्डन आहे. ‘‘इतका प्रवास करून दगड बघायचे?’’ असे कुटुंबाने दारातच विचारले होते. दोन तासांनी मीच ‘‘चला आता’’ म्हणत होतो आणि कुटुंब हलत नव्हते.

ही बाग करणारे नेकचंद सैनी कलावंत नव्हते, सरकारी नोकर होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. तुमच्या-माझ्यासारखे हजेरी लावणारे. फाळणीत गाव पाकिस्तानात गेले, ते इकडे आले आणि नव्याने बांधल्या जात असलेल्या चंडीगडात नोकरीला लागले. लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती, आणि ती ल कोर्बूझिए या फ्रान्सच्या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने आखली. सरळ रस्ते, चौकोनी सेक्टर, उघडे काँक्रीट. अशा शहराला जागा लागते, म्हणून तिथली जुनी खेडी उठवली. खेडी उठली की मागे राबिट उरते. फुटक्या कौलांचे, विटांचे, मोऱ्यांचे, बांगड्यांचे. सन 1958 च्या सुमारास हा निरीक्षक कचेरी सुटल्यावर सायकलीवरून ते गोळा करू लागला. नदीपात्रातले चित्रविचित्र दगडही आणू लागला. आणून ठेवायचा कुठे, तर बांधकामाला सक्त मनाई असलेल्या सरकारी जंगलात. आणि तिथे त्याने गुपचूप, रात्री जुने टायर जाळून उजेड करत, स्वतःचे एक राज्य उभारले. सतरा-अठरा वर्षे. इतकी वर्षे सरकारी जागेत सरकारी नोकराने अनधिकृत बांधकाम केले आणि सरकारला पत्ता नाही! आमच्या मॅनेजरला मी चार वाजता खाली चहाला गेलेला कळतो.

सत्तरीच्या दशकात ते उघडकीला आले तेव्हा नियमाने ते पाडायला हवे होते. लोक बघायला येऊ लागले आणि पाडणे अवघड झाले. प्रशासनाने मग न केलेली ती एक सुंदर गोष्ट केली: 1976 साली बाग लोकांना खुली केली, नेकचंदांना त्याच कामावर पगारी नेमले आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. 1984 मध्ये पद्मश्री दिली. 2015 साली, नव्वदीत, ते वारले.

आत काय आहे? माणसे. शेकडो. फुटक्या बशांचे अंगरखे घातलेली, बांगड्यांच्या तुकड्यांचे घागरे नेसलेली, डोक्यावर भांडी घेतलेली, ओळीने उभी. दारे इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. टपाल खात्याच्या साहेबालाही आणि मंत्र्यालाही. कोर्बूझिएच्या शहरात एक रेषा वाकडी नाही. इथे एक सरळ नाही. विजेच्या फिटिंगच्या चिनी मातीच्या तुकड्यांची अख्खी भिंत आहे. आता टीका करायचीच तर करतो. नंतरच्या वर्षांतले धबधबे, झोके आणि कमानी मला जरा सर्कशीच्या वाटल्या. मजूर हाताशी आले की असे होते, आमच्या शाखेतही होते. आणि काही रांगांत त्याच त्या मूर्ती इतक्यांदा येतात की एखादा तक्ता बघतोय असे वाटते. पण सुरुवातीच्या भागात, त्या बांगड्यांच्या बायकांसमोर उभे राहिले, की कुटुंबाने जे विचारले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती म्हणाली, ‘‘या बांगड्या कुणी घातल्या असतील हो?’’ ज्यांची गावे उठली त्या बायकांच्या हातांतल्याही त्यांत असतील. शहराने त्यांना नकाशातून काढले. निरीक्षकाने त्यांना सायकलच्या कॅरिअरवरून परत आणून शहराच्या ऐन डोक्यापाशी, विधानसभेच्या आणि उच्च न्यायालयाच्या शेजारी उभे केले. त्याला तसे म्हणायचे होते की नाही ते जाऊ द्या. त्या तिथे उभ्या आहेत.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला सायमन रोडिया नावाच्या इटालियन फरशीवाल्याने 1921 ते 1954 अशी तेहतीस वर्षे खपून लोखंडी सळ्या, सिमेंट, फुटक्या टाइल्स आणि बाटल्यांच्या काचा यांचे मनोरे बांधले. सर्वांत उंच सुमारे शंभर फूट. बांधून झाल्यावर जागा शेजाऱ्याला देऊन तो चालता झाला. नगरपालिकेने धोकादायक म्हणून पाडायला काढले. 1959 साली लोकांसमक्ष 10,000 पौंडांचा ताण देऊन पाहिला. मनोरा जागचा हलला नाही, ओढणाऱ्या यंत्राचाच दांडा वाकला. टीकाकाराने कलाकृतीची परीक्षा घ्यावी तर अशी घ्यावी. नेकचंदांच्या बागेची परीक्षा मात्र अजून चालूच आहे. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या पार्किंगच्या आणि रस्ता रुंद करण्याच्या कामासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला. म्हणजे राबिटाची कला आणि कलेचे पुन्हा राबिट. ते आता कुणी सायकलवरून नेले की नाही, ते बातमीत नव्हते.

इथे एक खासगी गोष्ट मध्येच सांगून घेतो. आमची बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली. विलीन हा शब्द संतांच्या बाबतीत चांगला वाटतो. विलीन झाल्यावर आमच्या शाखेतले सगळे रबरी शिक्के एका खोक्यात जमा झाले, शंभराहून जास्त. लाकडी मुठींचे. ‘पैसे मिळाले’, ‘रद्द’, ‘सही जुळत नाही’. वीस वर्षे रोज पाचशेदा हातात घेऊन माझ्या शिक्क्याच्या मुठीला माझ्या अंगठ्याचा खड्डा पडला होता. खोके भंगारात गेले. त्या जिन्यात काकांच्या बॉबिनी पाहताना मला तो खड्डा आठवला आणि मी अंगठा उगीच चोळत उभा राहिलो, असे शिपायाने नंतर सांगितले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी ग्रंथपालांनी नेहमीच्या रद्दीवाल्याला महिन्याची वर्तमानपत्रे न्यायला बोलावले होते. तो तराजू खांद्याला लावून माडीवर आला आणि सहज दालनात शिरला. बरेच कलावंत आपापला माल आवरत होते. दोघातिघांनी घरी नेण्यापेक्षा इथेच मोडीत घालावा असा विचार बोलून दाखवला. घुबडे त्याच्यापुढे ठेवण्यात आली. त्याने एक उचलले, उलटे केले, नखाने खरवडले.

‘‘हे नाही चालत, साहेब. काच वेगळी असती तर काच घेतली असती, बूच वेगळं असतं तर बूच. आता हिला गोंद, सुतळी, मणी, रंग. कोण सोडवत बसणार? हा सगळा कचराच झाला.’’

इतकी नेमकी टीका मला चार पाने लिहून जमली नाही. झुंबर त्याने खालूनच पाहिले. ‘‘हलकं प्लास्टिक,’’ म्हणाला. टायरच्या राजहंसाला त्याने नुसता पाय लावून पाहिला.

मग वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठीवर घेऊन तो जिन्याशी आला, चप्पल घालायला वाकला आणि फळीसमोर तसाच वाकलेला राहिला. गठ्ठ्याच्या वजनाने वाकला असेल असे मला आधी वाटले. काका स्टुलावरून उठले.

‘‘खिळे खालून मारलेत?’’ त्याने विचारले.

‘‘खालून.’’

‘‘लाकूड मी घेत नाही,’’ तो म्हणाला. मग थोडे थांबून, ‘‘पण याचं काय घेणार?’’